ईश्वराची वाणी आणि ऐकणारा माणूस

ईश्वर माणसाशी बोलला, असे जे धर्म मानतात त्यांत ख्रिस्ती धर्माची गणना होते. या बोलण्यास मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'प्रकटीकरण' हा शब्द रूढ आहे. शब्द भारदस्त आहे. पण कल्पना समजण्यास अवघड नाही. ईश्वर कसा आहे, त्याच्या मनात काय आहे, हे माणूस आपल्या बुद्धीने चाचपडत शोधीत असतो, हा एक मार्ग झाला. ईश्वरानेच आपण होऊन पडदा बाजूस सारावा आणि आपले मन उघड करावे, हा दुसरा. या दुसऱ्या मार्गास प्रकटीकरण म्हणतात.

श्रोत्यांस येथे श्रुतीची आठवण होईल, आणि ती होणे स्वाभाविकच आहे. मात्र दोहोंत एक भेद आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. कोणी कोणास उद्देशून केलेले ते भाषण नाही. बायबलमधील ईश्वर हाका मारतो. अब्राहामास तो नावाने हाक मारतो, मोशेस जळत्या झुडपातून हाक मारतो, आणि शेवटी, ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेप्रमाणे, येशूच्या रूपाने स्वतःच माणसांच्या गर्दीत येऊन बोलतो. हाक म्हटली की दोन पक्ष आलेच: हाक मारणारा आणि ऐकणारा. पहिल्या पक्षाविषयी धर्मपंडितांनी ग्रंथांचे डोंगर रचले आहेत. आज आम्हांस दुसऱ्या पक्षाविषयी बोलावयाचे आहे. हा ऐकणारा कोण? त्याची योग्यता काय? आणि त्यास 'नाही' म्हणण्याची मुभा आहे की नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर आणि नारी अशी दोन्ही, असे तेथे सांगितले आहे. प्राचीन मिसर देशात आणि बाबिलोनच्या बाजूस देवाचे प्रतिरूप म्हणून राजाचा गौरव होत असे. राजाच्या अंगावरचे ते भरजरी वस्त्र उत्पत्तीच्या पुस्तकाने काढून घेतले आणि सरसकट सर्व मनुष्यजातीच्या अंगावर घातले. इतके स्पष्ट वचन हाती असताना ख्रिस्ती राष्ट्रांत माणसांची खरेदीविक्री कशी झाली, असे कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर टाळण्याचा आमचा विचार नाही. त्यासाठी आपणांस अटलांटिक महासागरापलीकडील एका बेटावर जावे लागेल.

बेटाचे नाव हिस्पानिओला. आज त्यावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. 1492 साली कोलंबस तेथे उतरला, आणि वीस वर्षे पुरी होण्याच्या आतच तेथील तायनो लोकांची दैना झाली. स्पॅनिश वसाहतवाल्यांस 'एन्कोमिएन्दा' नावाची सनद मिळे. आपल्याकडील जहागिरीसारखीच ती होती म्हणा. फरक इतकाच की हिच्यात जमीन देत नसत, माणसे देत. अमुक टोळीनायकाची इतकी माणसे अमक्याच्या स्वाधीन. त्यांनी त्याच्या खाणीत सोने वेचावयाचे, त्याच्या शेतात राबावयाचे; आणि त्याने त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा. करारातील पहिला भाग कसोशीने पाळला गेला.

21 डिसेंबर 1511 रोजी, नाताळच्या आधीच्या रविवारी, सान्तो दोमिंगो येथील मंदिरात अंतोनियो दे मोन्तेसिनोस नावाचा डोमिनिकन संन्यासी प्रवचनास उभा राहिला. समोर खुद्द कोलंबसाचा मुलगा, बेटाचा सुभेदार दिएगो, बसलेला. भोवती सारे सनदी लोक. प्रवचनास आधार घेतला होता अरण्यात ओरडणाऱ्याच्या वाणीचा, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. मोन्तेसिनोसाने त्यांस सरळ सांगितले की तुम्ही सर्व घोर पापात आहात, आणि मग एकामागून एक प्रश्न केले. कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांस दास्यात ठेवता? ही माणसे नव्हेत काय? यांना विवेकी आत्मा नाही काय? असा त्या प्रश्नांचा आशय होता. संन्याशांनी हे प्रवचन आधी एकत्र बसून लिहिले होते आणि सर्वांनी त्याखाली सह्या केल्या होत्या. एकट्यादुकट्याचा आवेश म्हणून ते झटकून टाकता येऊ नये, ही त्यामागील धोरणी बुद्धी. गावात गडबड उडाली. पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या, अशी मागणी झाली. पुढच्या रविवारी मंदिर खचाखच भरले, आणि मोन्तेसिनोसाने तेच प्रवचन अधिक पुराव्यांनिशी पुन्हा केले. इतके ऐकवूनही न थांबता त्याने सांगितले की यापुढे तुम्हांस आम्ही पापमोचन देणार नाही.

राजाच्या दरबारी वा रोमच्या पीठात नव्हे, एका वसाहतीच्या गावात हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारला गेला, याचे आम्हांस विशेष वाटते. राजाने त्यावर पंडित जमविले, 1512 साली बुर्गोस येथे काही कायदे केले, आणि 1513 मध्ये एक विलक्षण कागद तयार करविला. त्याचे नाव 'रेकेरिमिएन्तो', म्हणजे समजपत्र. लेखक पालासिओस रुबिओस हा नामांकित कायदेपंडित. हा कागद आपल्या विषयाच्या दृष्टीने इतका बोलका आहे की त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

कोणत्याही टोळीवर हल्ला करण्यापूर्वी स्पॅनिश सरदाराने हा कागद तिला वाचून दाखवावा, असा नियम होता. त्यात आरंभी जगाची उत्पत्ती आहे. सर्व माणसे एकाच जोडप्याची लेकरे आहेत, असे सांगितले आहे. पुढे सेंट पीटर, त्याच्या गादीवरील पोप, आणि पोपने या भूमी कास्तीलच्या राजांस दिल्या ही हकीकत येते. तुम्ही हे सारे समजून घ्या, विचारास हवा तितका योग्य अवधी घ्या, आणि राजाचे स्वामित्व मान्य करा. न कराल तर आम्ही तुमच्यावर चाल करून येऊ, तुमच्या बायकामुलांस गुलाम करू, आणि त्यातून जे मरण व हानी होईल तिचा दोष तुमच्या माथी राहील. शेवटी हे सर्व रीतसर वाचले, असा नोटरीचा दाखला.

वाचन होई स्पॅनिश भाषेत. ऐकणाऱ्यास तिचे एक अक्षर कळत नसे. पुष्कळदा ऐकणाराही नसे. ओस पडलेल्या झोपड्यांसमोर, झाडांसमोर, कधी किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या जहाजावरून हा कागद वाचला जाई. बार्तोलोमे दे लास कासासने पुढे लिहिले आहे की हा प्रकार पाहून हसावे की रडावे हे आपणांस कळत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र काम चोख होते. देवाची वाणी पोहोचविली होती, आणि ती नाकारली गेली होती! प्रकटीकरणाच्या कल्पनेचे याहून भेसूर विडंबन क्वचितच झाले असेल. सर्व माणसे एका जोडप्याची लेकरे, हे उदात्त वाक्य त्या कागदात आहेच. पण त्यातील ऐकणारा लाकडाचा ओंडका असला तरी चालते. आमच्या मते येथेच खरी मेख आहे. देव बोलला, असे ठासून सांगणारा मनुष्य ऐकणाऱ्यास काय समजतो, यावरून त्याची देवाविषयीची कल्पना कळते.

आता लास कासासविषयी. हा मनुष्य जन्मतः काही संत नव्हता. 1502 साली तो हिस्पानिओलात आला, आणि इतरांप्रमाणे त्यानेही सनदी माणसे बाळगली. एका डोमिनिकनाने त्यास याच कारणासाठी पापमोचन नाकारले होते, तेव्हा त्याने हुज्जत घातली. पुढे क्यूबात तो धर्मगुरूही होता आणि सनदीही. 1514 साली पेंटेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करताना सिराखच्या बोधग्रंथातील चौतिसावा अध्याय त्याच्या वाचनात आला. (मराठीतील प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक सापडणार नाही, कॅथलिक बायबलमध्ये आहे.) गरिबांपासून लुबाडलेल्या धनाचे अर्पण देवास मान्य होत नाही, आणि श्रमणाऱ्याची भाकर हिरावणारा रक्तपात करणारा होय, असा त्या भागाचा आशय आहे. हे पुस्तक काही नवे नव्हते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून ते लोकांच्या हाती होते. पण काही दिवस लास कासास त्या ओळींवर विचार करीत राहिला. नंतर त्याने आपली माणसे सोडून दिली आणि 15 ऑगस्टच्या प्रवचनात ते सर्वांसमोर जाहीर केले. ऐकणाऱ्यांनी आश्चर्य केले, आणि आपापली माणसे ठेवून घेतली.

पुढली बावन्न वर्षे या एका कामात गेली. 'सर्व लोकांस खऱ्या धर्माकडे बोलाविण्याचा एकमेव मार्ग' या अर्थाच्या नावाचा त्याचा एक लॅटिन ग्रंथ आहे. त्यातील मुद्दा थोडक्यात असा: माणसास धर्माकडे आणावयाचे तर त्याची बुद्धी कारणे देऊन पटविली पाहिजे आणि त्याचे मन मायेने वळविले पाहिजे. तिसरा मार्ग नाही. कारण माणूस घडविताना देवाने त्यास बुद्धी व इच्छा दिली. तलवार उपसणारा धर्मप्रचारक देवाच्या त्या घडणीचाच अपमान करतो. समजपत्राचा खरा जबाब हाच होता. 1537 च्या जूनमध्ये पोप तिसरा पॉल याने एक आज्ञापत्र काढून सांगितले की हे इंडियन लोक खरोखर माणसे आहेत, ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही, आणि त्यांस धर्माकडे बोलवावयाचे ते उपदेशाने आणि चांगल्या आचरणाने. लोकांस शिक्षेचा धाक घालणारे त्यासोबतचे पत्र मात्र सम्राटाने आक्षेप घेताच पुढच्या वर्षी रद्द झाले. तत्त्व राहिले, दात काढले गेले. असे पुष्कळदा होते.

या सर्वांचा कळस झाला तो स्पेनमधील वायादोलिद येथे, 1550 आणि 1551 साली. सम्राट पाचव्या चार्ल्सने नव्या मोहिमा थांबविल्या आणि विद्वानांची सभा बोलाविली: या लोकांवर आधी स्वारी करून मग त्यांस धर्म सांगणे न्याय्य आहे काय? एक स्वारी करणारे राष्ट्र, ऐन विजयाच्या भरात, स्वतःलाच हा प्रश्न विचारते, असे उदाहरण जगाच्या इतिहासात फारसे आढळत नाही. स्वारीच्या बाजूने हुआन गिनेस दे सेपुल्वेदा हा ॲरिस्टॉटलचा मोठा अभ्यासक. तो सुमारे तीन तास बोलला. लास कासास आपला लॅटिन प्रबंध घेऊन आला आणि पाच दिवस वाचीत राहिला. दोघे समोरासमोर आले नाहीत.

सेपुल्वेदाचे म्हणणे हलके समजू नये. काही लोक स्वभावतःच दास असतात, हे ॲरिस्टॉटलचे मत त्याने पुढे केले, आणि त्याहून जबर असा एक मुद्दा मांडला. हे लोक नरबळी देतात. त्यांत निरपराध माणसे मरतात. त्यांस वाचविणे हे आपले कर्तव्य नव्हे काय? हा मुद्दा आजही कोणास निरुत्तर करील. लास कासासने दिलेले उत्तर त्या काळी ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आणणारे असले पाहिजे. नरबळी वाईटच, आणि तो थांबलाच पाहिजे. पण हे लोक असे का करतात याचा विचार करा, असे तो म्हणाला. देवास आपणांजवळचे सर्वांत मोलाचे अर्पण करावे, हे माणसास त्याची स्वाभाविक बुद्धीच सांगते. आणि प्राणाहून मोलाचे काय आहे? ते चुकत आहेत, पण ती चूक देवास मानणाऱ्या माणसांची चूक आहे. शिवाय दहापाच बळी वाचविण्यास हजारोंचा संहार करणे, हा कोणता न्याय? ज्या गोष्टीने ते पशू ठरविले जात होते, तीच त्याने त्यांच्या मनुष्यत्वाचा पुरावा म्हणून पुढे ठेवली. त्यांच्या मनात ईश्वराविषयी ओढ आहे. म्हणजे हाक ऐकण्याचा कान त्यांस आहे.

निकाल काय लागला? काहीच नाही. परीक्षकांनी एकमुखी निर्णय दिला नाही, आणि दोन्ही पक्षांनी आपलाच जय झाल्याचे सांगितले. सेपुल्वेदाचे पुस्तक स्पेनमध्ये छापू दिले नाही. 1573 च्या नियमांत 'स्वारी' हा शब्द गाळून 'शांतता प्रस्थापित करणे' असा शब्द घातला गेला. खाणी चालूच राहिल्या.

लास कासासच्या चरित्रातील एक काळा डाग येथे सांगितलाच पाहिजे. इंडियनांचा भार हलका व्हावा म्हणून, आफ्रिकेतील गुलाम आणावेत, अशी सूचना त्याने 1516 साली व पुढेही केली होती. काळ्या माणसांचे दास्य इंडियनांच्या दास्याइतकेच अन्यायाचे आहे, हे त्यास पुढे उमगले, आणि आपल्या इतिहासग्रंथात त्याने त्याबद्दल स्वतःस दोष दिला. चाळीस वर्षे हा ग्रंथ प्रसिद्ध करू नये, असे त्याने सांगून ठेवले होते. 1566 साली तो वारला. ग्रंथ छापला गेला 1875 साली. प्रतिरूपाचे वचन तोंडपाठ असणाऱ्या, एका जातीसाठी जीव पाखडणाऱ्या या माणसासही दुसऱ्या जातीपर्यंत पोहोचण्यास इतका वेळ लागला.

ही सारी दूरची हकीकत झाली, असे मात्र आपणांस म्हणता यावयाचे नाही. ज्या पोपच्या सनदांवर स्पेन उभा होता, तशाच 1455 च्या सनदेवर पोर्तुगाल उभा होता, आणि पोर्तुगीजांनी 1510 साली गोवे घेतले. गोव्यात दोन्ही प्रवाह दिसतात. एका अंगास फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली येतो, येथील भाषा शिकतो, आणि 1616 साली रायतूर येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले जाते: मराठीत, आणि तेही ओवीत. ज्यास सांगावयाचे त्याच्या कानास ओळखीच्या असलेल्या चालीत सांगावयाचे, हा ऐकणाऱ्याचा मान होय. दुसऱ्या अंगास 1560 पासून त्याच गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसलेले होते, आणि 1684 साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो यास गोव्याच्या आर्चबिशपने धर्मगुरूची दीक्षा नाकारली. तो रोमला गेला, तेथे दीक्षा मिळविली, आणि 1637 साली बिशप झाला. आता दुसरी बाजू पाहा. जन्माने ब्राह्मण असलेल्या या बिशपाने पोर्तुगीजांविरुद्ध जे पत्रक लिहिले त्याचे नाव 'ब्राह्मणांचा आरसा'! गोव्यातील मंदिरांतील बंधुसंघही पुढे जातवार राहिले. बाप्तिस्म्याचे पाणी जातीवरून घरंगळून गेले, असे कोणी म्हणाल्यास आम्ही वाद घालणार नाही.

रोमच्या अधिकृत शिकवणुकीत या दोन गोष्टींची गाठ पक्की बांधली गेली ती 1965 साली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षी नोव्हेंबरात प्रकटीकरणावर एक निवेदन काढले. त्यात प्रकटीकरण म्हणजे वरून आलेल्या सिद्धांतांची यादी, ही कल्पना मागे ठेवून, ईश्वर माणसांशी मित्रांप्रमाणे बोलतो, या बाजूवर भर दिला आहे. 7 डिसेंबर रोजी धर्मस्वातंत्र्यावरील निवेदन 2308 विरुद्ध 70 मतांनी संमत झाले. धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो. ती प्रतिष्ठा देवाच्या प्रकट वचनातून आणि बुद्धीनेही कळते, असे त्यात म्हटले आहे. पंधराव्या शतकातील त्या सनदांतून निघालेला 'शोधाचा सिद्धांत' व्हॅटिकनने जाहीरपणे अमान्य केला तो 30 मार्च 2023 रोजी. समजपत्र लिहिले गेल्यास तेव्हा पाचशे दहा वर्षे झाली होती.

आपल्या महाराष्ट्रात हीच गोष्ट एका स्त्रीने, कोणत्याही परिषदेची वाट न पाहता, स्वतःच्या आयुष्यात सोडविली. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या, पण गप्प झाल्या नाहीत. अमुक शिकवण चर्च सांगते म्हणून मान्य करा, असे त्यांस सांगितले जाई. त्या शास्त्र उघडून स्वतः वाचीत आणि पटले नाही ते पटले नाही म्हणून लिहीत. इंग्लंडात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांनी कळविले, तेव्हाही त्यांनी खडखडीत उत्तर दिले. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरविले ते दुसऱ्याचे चढविण्यासाठी नव्हे, आपणांस सदसद्विवेकबुद्धी आहे, असा त्यांच्या पत्रांतील सूर आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून पंडितांच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला होता. त्या घरातील मुलीने देवाची वाणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यास नकार द्यावा, यात नवल ते काय?

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, अक्षरशत्रू अशा शेकडो मुली व बायका त्यांच्यापाशी राहिल्या. बायबलचे मराठी भाषांतर तेव्हा होते. पण त्यातील संस्कृतप्रचुर शब्द या बायकांच्या डोक्यावरून जातात, असे रमाबाईंना आढळले. वयाची चाळिशी उलटल्यावर हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून त्यांनी मूळ ग्रंथावरून सबंध बायबल पुन्हा मराठीत आणले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' ही पदवी दिली होती, तिने भाषांतर करताना संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढले. शिकलेल्या वाचकांस ती भाषा खडबडीत वाटली, आणि ती आहेही. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. केडगावच्याच छापखान्यात, मुक्तिसदनातील बायकांनी खिळे जुळवून, ते 1924 साली छापून पुरे केले.